घनचक्करला शिडी नको

शिरपुंजे गावातून भैरवगडाकडे निघालं की खिंडीपर्यंत वाट हातची सुटत नाही. भैरोबाच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या पायांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. खिंडीत पोचल्यावर एका अंगाला भैरवगड राहतो, दुसऱ्या अंगाला घनचक्कर. देवाच्या बाजूची वाट पुढंही ठसठशीत आहे. घनचक्करच्या बाजूची थोडी वर चढते, कारवीत शिरते, दोन ढोरवाटांत फुटते आणि गवतात विरून जाते. डोक्यावर कातळाचा काळा पट्टा, पायाखाली तिरपी उतरण, मध्ये कमरेइतकं गवत. तिथून माथ्यापर्यंतचा डोंगर ज्याचा त्यानं वाचत जायचा.

हा डोंगर १५३२ मीटर उंचीचा आहे. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, आणि त्यांच्यामागोमाग भटक्यांच्या यादीत घनचक्करचं नाव येतं. तरी कळसूबाईच्या शिड्यांवर शनिवारी मध्यरात्रीपासून विजेऱ्यांची रांग लागते आणि घनचक्करच्या माथ्यावर दिवसभर बसलं तरी दुसरा माणूस भेटेलच असं नाही.

हा फरक मिटवावा, असं म्हणणारे लोक आता वाढले आहेत. म्हणणं थोडक्यात असं : कळसूबाईला शिड्या लावल्या तशा इथंही लावा, कातळावर बाण रंगवा, अवघड जागी रेलिंग टाका. त्यानं अपघात टळतील, गावाला चार पैसे मिळतील आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनाही माथा दिसेल. हे बोलणारी माणसं डोंगराची वैरी नाहीत. त्यांतली काही माझ्या घरातली आहेत, काहींच्या बरोबर मी पंचवीस वर्षं सह्याद्रीत चालले आहे. म्हणून मान हलवून गप्प बसण्यापेक्षा या मागणीला मुद्द्यागणिक उत्तर द्यावं असं मला वाटतं. मागणी चूक आहे, आणि ती जिथं सर्वांत पटण्यासारखी वाटते, म्हणजे सुरक्षिततेच्या मुद्द्यावर, तिथंच ती सर्वांत जास्त चूक आहे.

आधी डोंगराची घडण पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थर एकावर एक ओतले गेले. या खडकाला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लांबून पाहिलं तर हे नाव किती नेमकं आहे ते कळतं. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो, वर पुन्हा कडा, पुन्हा पदर. मात्र या जिन्याची एकेक पायरी पन्नास फुटांची असते, कुठं दोनशे. अशा डोंगरावर चढायचं म्हणजे पदरावरून आडवं चालत राहायचं आणि कडा जिथं फुटला आहे ती जागा हुडकायची. कुठं नाळ असते, कुठं घळ, कुठं खाली उतरलेली सोंड. एका पट्ट्याची फूट सापडली म्हणजे वरच्या पट्ट्याची तिथंच सापडेल असं नाही. ती अर्धा मैल पलीकडेही असू शकते.

म्हणजे जिथं ‘वाट नाही’ असं आपण म्हणतो, तिथंही चढण्याच्या जागा ठरलेल्या असतात. गुरं राखणाऱ्याला, मध काढणाऱ्याला, हिरडा गोळा करणाऱ्या बाईला त्या ठाऊक असतात. आपल्याला ठाऊक नसतात, एवढंच.

आता अपघात कसा होतो ते पाहू. माझ्या माहितीतले, जवळून पाहिलेले किंवा सोबत्यांनी सांगितलेले बहुतेक अपघात एकाच प्रकारचे आहेत. माणूस चुकीच्या घळीत शिरतो. समोर पंधरा-वीस फुटांचा कातळ येतो. तो चढता येतो, कारण चढताना डोळे आणि हात एकाच दिशेला असतात, पुढची पकड दिसत असते. वर गेल्यावर कळतं की पुढं रस्ता नाही. आणि उतरायला गेलं की पाय अशा जागी टाकावा लागतो जी डोळ्यांना दिसत नाही. तिथं माणूस पडतो, किंवा पडत नाही पण अडकतो, रात्र होते आणि घाईत दुसरी चूक करतो. अपघाताचं मूळ वाट नसण्यात नाही, ‘चढलो तर आहोत, उतरू कसंही’ या हिशेबात आहे. हा हिशेब चुकीचा आहे हे शिकायला मागं फिरण्याची सवय लागते. रेलिंग नेमकी ती सवय लागू देत नाही. कधीच कातळ न उतरलेल्या माणसाला ती कातळाच्या वर नेऊन ठेवते आणि पुढचं त्याच्यावर सोडते.

यावर लोक म्हणतात, मग रेलिंग खालपासून वरपर्यंत अखंड टाका. ठीक आहे, टाकली असं धरू. ती कशात रोवणार? आपला बसाल्ट सगळीकडे सारखा नाही. काही थर घट्ट, ठोकले तर खणखणीत वाजणारे. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत पांढरे खनिज भरलेले, आणि असा खडक पाण्यानं कुजतो. दोन थरांच्या मध्ये विटेच्या रंगाची माती असते, ती बोटानं उकरता येते. घाटमाथ्याचा हा पट्टा राज्यातल्या सर्वांत ओल्या मुलखांपैकी आहे. चार महिने सतत झिरपणाऱ्या पाण्यात लोखंडाचा खुंट बाहेरून शाबूत दिसतो आणि भोकाच्या आत, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, गंजत राहतो. अशा कठड्याला धरणारा माणूस आपला सगळा भार त्यावर टाकतो, कारण कठडा धरण्यासाठीच असतो अशी त्याची समजूत असते. कातळाची पकड तो आधी चाचपून बघतो. लोखंड चाचपत नाही. माझ्या मते, डोंगरातला सर्वांत धोकादायक आधार म्हणजे ज्याच्यावर शंका येत नाही असा कुजलेला आधार.

दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक खुंट ठोकून कोण बघणार? कळसूबाईवर रोज माणसं आहेत, बारी गावाची नजर आहे, देवीचं ठाणं आहे, त्यामुळे काही हललं तर त्याच दिवशी खाली कळतं. घनचक्करच्या मधल्या कड्यावर निखळलेला बार कुणाला कधी कळेल? जो त्याला धरेल त्याला. आणि विजेचा विचार या मागणीत कुठंच नाही. वैशाखात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर या धारांवर वीज पडते. तेव्हा उघड्या सोंडेवर शेकडो फूट लोखंडाला हात लावून उभं राहणं याहून वाईट जागा मला सुचत नाही.

कळसूबाईच्या शिड्यांना माझा विरोध नाही. माथ्यावर देऊळ आहे, नवरात्रात लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं अनवाणी चढतात. ही यात्रा भटक्यांच्याही आधीची आहे आणि तिच्यासाठी शिडी, साखळी हवीच. मांगीतुंगीला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, तीर्थक्षेत्र आहे, तिथंही तेच. जिथं समाज आधीपासून जात होता तिथं सोय करणं एक गोष्ट आहे. सोय करून समाजाला तिथं ओढून आणणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिलीचं उदाहरण देऊन दुसरी गळी उतरवू नये.

बाणांबद्दल मला एकाच माणसाचं म्हणणं सांगायचं आहे.

घनचक्करला मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही चौघं होतो, वाटाड्या घेतला नव्हता. मोबाइलमध्ये कुणीतरी चालून नोंदवलेली वाट उतरवून घेतली होती आणि तेवढं पुरे असं आम्हाला वाटलं होतं. कार्तिकातले दिवस, गवत उभं. खिंडीच्या पुढं ती निळी रेघ आम्हाला एका घळीत घेऊन गेली, आणि घळ एका बाहेर झुकलेल्या कातळाखाली संपली. रेघ मात्र तिथून मागं वळून दुसरीकडे गेलेली. म्हणजे ज्यानं ती नोंदवली तोही तिथं चुकला होता, परतला होता, आणि त्याची चूक त्या रेघेत जशीच्या तशी राहिली होती. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या घळीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे आमचा ठिपका पडद्यावर कधी कड्याच्या वर, कधी खाली उड्या मारत होता. जवळ सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशाही होता. पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या या नकाशात दोन समोच्च रेषांमधलं अंतर वीस मीटरचं असतं. पंधरा मीटरचा सरळ कडा त्या दोन रेषांच्या मध्ये सहज दडतो. आमच्या समोरचा तसाच दडलेला होता. दुपारी अडीच वाजता आम्ही परत फिरलो. त्या दिवसातला तो एकच निर्णय बरोबर होता.

दुसऱ्या खेपेला गावातल्या एका मामांना सोबत घेतलं. साठी उलटलेली, पायात टायरच्या चपला, कमरेला कोयता. ते चालायचे कमी आणि थांबायचे जास्त. दर थोड्या वेळानं मागं वळून उभे राहायचे. मला वाटलं आमच्यासाठी थांबतात. विचारलं तर म्हणाले, “वर जाताना मागं बघत जायचं, ताई. उतरताना डोंगर त्वांड फिरवितो.” पंचवीस वर्षांत ऐकलेला डोंगरातला हा सर्वांत उपयोगी धडा. त्या दिवसापासून मी तसंच चालते.

माथ्यावर बसलो. मुळेचं खोरं खाली, एकीकडे हरिश्चंद्रगडाचा पसारा, दुसरीकडे रतनगडाचा खुटा, आणि लांब कळसूबाईचं टोक. मी मामांना म्हटलं, लोक म्हणतात इथं बाण रंगवावेत. तुम्हाला सांगितलं तर कुठं कुठं रंगवाल? त्यांनी विचारलं, “कंच्या म्हयन्यातला बाण?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. श्रावणात ज्या घळीतून आपण आलो तिच्यात धबधबा असतो, तेव्हा धारेवरून यायचं. आश्विनात गवत माणसाच्या वर जातं आणि कड्याची कड दिसत नाही, तेव्हा धार सोडायची, कातळाच्या सोंडेला धरून राहायचं. होळीच्या सुमाराला गवत वाळून आडवं पडतं, मुरमावर ते तेल सांडल्यासारखं निसरतं, तेव्हा घळ बरी. चैत्रात एका कड्याला आग्या मोहळं लागतात, त्याच्या खालून जायचंच नाही, मग लांबून वळसा. चार हंगामांच्या चार वाटा, आणि एखाद्या वर्षी दरड आली की पाचवी. रंगवलेला बाण यांतली एकच दाखवणार. उरलेल्या महिन्यांत तोच बाण माणसाला धबधब्यात, झाकलेल्या कडेवर किंवा मोहळाखाली नेणार. आणि माणूस जाणार, कारण बाणावर कुणी अविश्वास ठेवत नाही.

इथं पूर्वजांचा दाखला दिला जातो. किल्ल्यांवर पायऱ्या कुणी खोदल्या? आपल्याच माणसांनी. मग आपण दोन शिड्या लावल्या तर काय बिघडलं? हा दाखला मला मान्य आहे, पण तो पुरता पाहायला हवा. पायऱ्या खोदल्या त्या शिबंदीला वर राहायचं होतं म्हणून, जिथं पाण्याची टाकी खोदता येत होती तिथं. त्याही मुद्दाम अवघड ठेवल्या. हरिहरची ती प्रसिद्ध उभी चढण बघा : पायरी एका माणसापुरती, हाताला धरायला खडकातच खोबण्या, कठडा नाही. चढणारा सावकाश आणि एकेकटाच यावा हा त्यामागचा विचार. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी आधी वाटा उद्ध्वस्त केल्या. अलंग, मदन आणि कुलंगच्या तुटलेल्या पायऱ्या आजही त्याची साक्ष देतात. हे सगळं खरं. पण घनचक्कर हा किल्ला नव्हे. त्याच छिन्नी-हातोड्यानं खिंडीच्या एका बाजूला भैरवगडावर टाकी खोदणाऱ्यांना दुसऱ्या बाजूचा उंच डोंगर दिसत नव्हता असं थोडंच आहे? त्यांनी तो सोडला. गुरांना, गवताला, मोहळांना सोडला. पूर्वजांचं अनुकरण करायचं तर त्यांनी काय खोदलं याबरोबर काय खोदलं नाही हेही बघावं लागेल.

पायऱ्यांनी आणलेली गर्दी बघायची असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी हरिहरलाच जावं. खालून वर चढणारे आणि वरून उतरणारे त्याच एका माणसापुरत्या पायऱ्यांवर अडकलेले असतात. मागचा पुढच्याच्या टाचेला डोकं लावून उभा असतो. एकाचा पाय सरकला तर तो एकटा पडणार नाही. पायरी शाबूत आहे, खडक पक्का आहे, वाट चुकायची शक्यताच नाही, आणि तरीही मला घनचक्करच्या कुठल्याही कातळापेक्षा त्या रविवारच्या हरिहरची भीती जास्त वाटते.

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो मला रात्री जागवतो. डोंगर सर्वांचा आहे. तुम्ही धडधाकट, तुम्हाला सुट्ट्या मिळतात, बूट घेता येतात. तुम्ही जाऊन आलात आणि आता मागून येणाऱ्यांना म्हणता की वाट बांधू नका. हा हक्क तुम्हाला कुणी दिला? माझ्या धाकट्या बहिणीनं मला हे तोंडावर विचारलं आहे. लहानपणच्या आजारानं तिचा एक पाय अधू आहे.

तिला मी जे सांगितलं ते इथं लिहिते. डोंगर सर्वांचा आहे, म्हणूनच सगळे डोंगर एकसारखे करू नयेत. महाबळेश्वरला १३५३ मीटर उंचीवर मोटार जाते. सिंहगडाच्या माथ्याजवळ मोटार जाते. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, आणि महाराजांच्या समाधीपाशी चालू न शकणाऱ्या माणसालाही जाता यावं हे योग्यच आहे. मी तिला तिथं घेऊन गेले आहे, ती तिथं रडली आहे. या सोयी आणखी चांगल्या कराव्यात. रोपवेच्या वरच्या ठाण्यापासून समाधीपर्यंत चाकाची खुर्ची विनासायास जावी, स्वच्छतागृह असावं, बसायला सावली असावी. या कामाला पैसा कमी पडू नये. पण घनचक्करवर शिडी लावून माझ्या बहिणीला काय मिळणार आहे? ती शिडी तिला चढता येणार नाही. गुडघे दुखणाऱ्या काकांनाही खिंडीपर्यंतच्या चढानंच दम लागेल, त्यांच्यासाठी पुढची शिडी निरुपयोगी आहे. अधू, वृद्ध, दुर्बळ यांची नावं पुढं करून जी शिडी मागितली जाते तिचा उपयोग होतो तो धडधाकट पण उतावळ्या माणसाला, ज्याला डोंगर शिकायला वेळ द्यायचा नाही. त्यानं स्वतःच्या नावानं मागणी करावी. दुसऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्याआडून करू नये.

आणि घनचक्कर कुणाला बंद आहे? तिथं तिकीट नाही, उंची बूट लागत नाहीत. मामा टायरच्या चपलांत चढतात. लागतो तो वेळ, सराव आणि जाणत्या माणसाची सोबत. या तीन गोष्टी गरिबालाही मिळू शकतात. मी स्वतः डोंगरात गेले ती कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर, एसटीनं, डब्यात चटणी-भाकरी बांधून. पहिल्या वर्षी राजमाची, मग हरिश्चंद्रगड सोप्या वाटेनं, कितीतरी वर्षांनी नळीच्या वाटेनं. पायरीपायरीनं वर जाण्याचा हा क्रम कुणीही धरू शकतं. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या की मात्र नवख्याला शिकायला जागाच उरत नाही.

गावाच्या उत्पन्नाचा मुद्दा मला लवकर संपवता येईल असं वाटलं होतं, पण तो तसा नाही. या पट्ट्यातली महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं भाताच्या एका पिकावर राहतात, दिवाळीनंतर माणसं कामासाठी बाहेर पडतात. गर्दी आली तर टपऱ्या लागतील, पोहे-चहा विकला जाईल, हे खरं आहे आणि शहरात बसून ते हसण्यावारी नेणं बरं नाही. पण शिडी लागली की पहिला बेकार होतो तो वाटाड्या. मामांकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि त्याची गरज डोंगराला वाट नसण्यातच आहे. टपरी कुणीही टाकू शकतो, तालुक्याहून पैसेवाला येऊनही टाकतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच टाकतो. मामांच्या नातवाला आजोबांच्या चार वाटा शिकायचं कारण राहिलं तरच त्या उरतील. रंगवलेल्या बाणाच्या गावात त्या एका पिढीत जातील. मग बाण पुसला, शिडी पडली आणि धुक्यात कुणी हरवला, तर शोधायला जाणारा जाणता माणूस गावात नसेल.

शिवाय हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ पासून. शिडी चढवायची म्हणजे सिमेंट, वाळू, पाणी आणि कामगारांच्या चुली त्या पदरांवर महिनोन्‌महिने राहणार. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, कातळावरची पावसाळी फुलं, शेकरू, मोहळं, यांना त्याची झळ लागणार. शिडीचा खर्च मोजताना हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन सरसकट बंदी मागतात. पावसाळा आला, एखादी दुर्घटना झाली की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर असे आदेश आले. ती जागा बिनवाटेची नव्हती. राज्यातल्या सर्वांत सोप्या, सर्वांत ओळखीच्या जागांपैकी ती एक. धोका वाटेत नसतो, पाण्याचा वेग न ओळखण्यात असतो हे त्या दिवशी भयंकर रीतीनं दिसलं. धबधब्याच्या मुखाशी तात्पुरती बंदी मी समजू शकते. डोंगरावरची सरसकट बंदी मात्र ऐकणाऱ्याला घरी बसवते आणि न ऐकणाऱ्याला चोरून पाठवते. चोरून गेलेला वाटाड्या घेत नाही, गावात नाव सांगत नाही, आणि अडकला तर दंडाच्या भीतीनं फोन उशिरा करतो.

मग पैसा असेलच तर कशावर खर्च करावा? याचं उत्तर गावातच मिळालं. काही वर्षांपूर्वी या भागात एक मुलगा घसरून पाय मोडून पडला होता. राज्यात डोंगरातून माणसं सोडवणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आहेत, सगळ्यांना एकत्र जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. ही मंडळी स्वतःची नोकरी सोडून मध्यरात्री निघतात आणि त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण ती निघाली तरी इथं पोचायला काही तास जातातच. त्या मुलाजवळ आधी पोचली ती गावातली माणसं. घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, चौघांनी खांद्यावर घेतली आणि काळोखात त्याच बिनवाटेच्या घळीतून त्याला खिंडीत आणलं. मोडलेला पाय झोळीत लोंबकळत राहिला, कारण तो कसा बांधायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मुलगा वाटभर ओरडत होता असं मामा सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

शिरपुंजे, कुमशेत, आंबीत, पाचनई या गावांत प्रत्येकी एक घडीचं स्ट्रेचर ठेवा. पाय बांधायच्या फळ्या, दोर, चांगल्या विजेऱ्या ठेवा. वर्षातून एकदा, भात झोडून झाल्यावर, आठ दिवस दहा-दहा तरुणांना प्रथमोपचार आणि दोराचं काम शिकवा, आणि त्या दिवसांची मजुरी द्या. वाटाड्यांचे दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, म्हणजे शहरातून येणारा घासाघीस करणार नाही. वर जाणाऱ्याचं नाव आणि परतीची वेळ गावात एका वहीत लिहून घ्या. खिंडीत एकच फलक लावा : इथून पुढं वाट नाही, गावातला माणूस सोबत घ्या. आणि एक लोखंडी वस्तू मीही मागते, जिच्या जागेबद्दल मामांचं आणि माझं एकमत आहे. खिंडीखालच्या ओढ्यावर, जिथून पावसाळ्यात शाळेत जाणारी पोरं पाण्यातून जातात, तिथं एक साकव बांधा.